विमानांच्या गप्पा ऐकायच्यात? ऑर्डर करण्याआधी हे वाचा!

रात्री गच्चीवरून जाणारं विमान बघताना पायलट काय बोलत असेल, असा प्रश्न पडलाय कधी? हे बोलणं पकडणारं हातात मावणारं यंत्र म्हणजे एअरबँड स्कॅनर. दिसायला वॉकीटॉकीसारखा, पण यावर फक्त ऐकायचं. अमेरिकेत तो सर्रास मिळतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाने नुकताच घेतला आणि व्हिडिओ कॉलवर मलाही तासभर ऐकवला.

पहिलं इम्प्रेशन? शांतता! एफएमसारखी अखंड बडबड नाही. मध्येच चार-पाच सेकंद भरभर आकडे, की पुन्हा सामसूम. सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. मग लक्षात आलं, कंट्रोलर जे सांगतो तेच पायलट परत म्हणून दाखवतो. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. पाढे म्हटल्यासारखं वाटतं, पण यावर जीव अवलंबून असतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला १५ हजार फुटांवर राहायची सूचना असलेलं कझाक विमान त्याखाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी जंबोला धडकलं. ३४९ जण गेले. चौकशीत कझाक क्रूच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं.

आपलं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं. विमानांचं बोलणं त्याच्या थोडं वर, ११८ ते १३७ वर, आणि तेही एएमवर. का? एफएमवर दोघं एकदम बोलले, तर जोरदार सिग्नलच ऐकू येतो, दुसरा गायब. एएमवर दोन्हींची खरखर होते आणि अजून कोणीतरी बोलतंय हे कळतं.

या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. म्हणून १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाचा आवाज ४०० किलोमीटरपर्यंत पोचू शकतो, पण लोहगावच्या टॉवरचा शिरूर-दौंडच्या गच्चीपर्यंत पोचणं अवघड. म्हणजे इथे स्कॅनर लावला, तरी संवाद अर्धाच!

आणि मुळात तो लावता येत नाही. भारतात वायरलेस उपकरण बाळगायला परवानगी लागते. १९३३ च्या कायद्यापासून हाच नियम आहे. पूर्वी घरच्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात काढावं लागायचं, आजोबांना विचारा. ती अट गेली, पण त्यामुळे स्कॅनरला सूट मिळाली नाही. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ. ऑनलाइन दिसतं म्हणजे कायदेशीर असतं, असंही नाही. परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन प्लॅटफॉर्म्सना नोटिसा काढल्या होत्या.

मग आपण काय करायचं? डोक्यावरचं विमान कुठून कुठे चाललंय, हे फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवर फुकट बघा. आणि रेडिओचंच वेड असेल, तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. ती केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून होते. वय १२ पूर्ण हवं, सायन्सचीच डिग्री लागते असं काही नाही. या लायसन्सवर विमानांचं बोलणं ऐकायची मुभा मिळत नाही, पण स्वतः बोलता येतं! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हॅम रेडिओ आहे. ते डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात १४५.८०० मेगाहर्ट्झवर एखाद्या अंतराळवीराचा आवाज येऊ शकतो.

चोरून अर्धा संवाद ऐकण्यापेक्षा हे भारी नाही का?