हळद फोडणीत बरी, कॅप्सूलमध्ये नव्हे

गेल्या महिन्यात साठीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. पायांवर सूज, जिना चढताना धाप. रक्तदाब १९०/११० भरला. "गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारताच म्हणाले, "तीन महिने झाले, बंद केल्या. पुतण्याने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. हृदय आणि किडनी, दोन्हींना चांगल्या म्हणे. आणि डॉक्टर, हळदच ती, तिने अपाय कसला व्हायचा?"

रक्त तपासले, तर क्रिएटिनिन २.८ निघाले. दोन वर्षांपूर्वी ते १.२ होते.

हळदीत गुण नाहीत, असे मुळीच नाही. तिच्यातील करक्युमिन या पिवळ्या द्रव्याने प्रयोगशाळेतील उंदरांच्या हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा दाह कमी झालेला दिसतो. पण हळदीत हे द्रव्य शेकडा तीनच्या आसपास असते आणि आतड्यातून ते रक्तात फारच थोडे उतरते. काळ्या मिरीतील पायपरीनबरोबर दिल्यास ते कित्येक पटींनी अधिक शोषले जाते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले. म्हणूनच अशा अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. मात्र हेच पायपरीन इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढवते.

मग माणसांत काय आढळले? पोटातील मुख्य रोहिणीची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांवर कॅनडात चाचणी झाली. निम्म्यांना करक्युमिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय वा मूत्रपिंडाचे रक्षण झाले नाही. उलट मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण करक्युमिन घेणाऱ्यांत अधिक निघाले.

शिवाय हळदीत ऑक्झलेट असते. भाजीतल्या चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही. पण रोज मोठ्या मात्रेत पोटात गेल्यास मुतखड्याचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका संभवतो.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या कोणत्याही अर्कासाठी परस्पर बंद करू नयेत. मूत्रपिंड निकामी होण्याची हीच दोन प्रमुख कारणे आहेत.

२) रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास हळदीचा वा लसणाचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो.

३) जाड सालीच्या दालचिनीत कूमरिन असते. तिची पूड रोज चमचाभर घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो.

४) मसाल्याचा खरा उपयोग मीठ कमी करण्यासाठी करा. जिरे, धने, लसूण, आमसूल यांनी चव आली की मीठ कमी लागते. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे. त्यात लोणचे, पापड आणि तयार मसाल्यातील मीठही धरा.

५) रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्या.

त्या गृहस्थांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कॅप्सूल थांबवल्या. सूज उतरली. क्रिएटिनिन २.१ वर आले आहे. पण पूर्वीचे १.२ पुन्हा दिसेल, असे मला वाटत नाही. परवा जाताना म्हणाले, "डॉक्टर, आधी एकदा विचारायला हवं होतं." मूत्रपिंड दुखून सांगत नाही, म्हणून आधी विचारावे.