वैज्ञानिक व्यवसाय, विद्यापीठबाह्य

विज्ञानाचे उच्च शिक्षण व संशोधनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती विद्यापीठीय अध्यापनाव्यतिरिक्त जे व्यवसाय करतात, त्यांचा यात समावेश होतो. शासकीय प्रयोगशाळा व सर्वेक्षण संस्था, उद्योगधंद्यांतील संशोधन विभाग, तपासणी व प्रमाणन, एकस्वविषयक कामे, विज्ञानलेखन आणि स्वतंत्र उद्योजकता ही त्यांची प्रमुख क्षेत्रे होत. एक प्राध्यापक आपल्या कार्यकालात अनेक विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन करतो. तो निवृत्त झाल्यावर मात्र जागा एकच रिकामी होते. अध्यापकांच्या जागा त्याच वेगाने वाढत नसल्यास बहुसंख्य संशोधकांना विद्यापीठाबाहेर काम शोधणे अपरिहार्य ठरते. तरीही संशोधन-शिक्षणाची रचना पुष्कळदा भावी प्राध्यापक घडविण्याच्या कल्पनेवर आधारलेली असते आणि तेथून बाहेर पडणे हे अपयश मानले जाते. विज्ञानाचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील रंगद्रव्यांच्या कारखान्यांनी विद्यापीठांत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर नेमले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने १९०० मध्ये संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी विजेच्या दिव्यांसंबंधी सुरू केलेले संशोधन पृष्ठरसायनशास्त्रापर्यंत पोहोचले व त्याबद्दल त्यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितिगृहात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांना मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. त्यातून त्यांची सुप्रसिद्ध सांख्यिकीय पद्धती निघाली. मालकांच्या गुप्ततेच्या नियमामुळे त्यांनी ती १९०८ मध्ये ‘स्टूडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. उद्योगातील संशोधनाची संधी आणि तिची मर्यादा, दोन्ही या उदाहरणात दिसतात.

भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण (१८५१) व वातावरणविज्ञान विभाग (१८७५) यांनी असे व्यवसाय प्रथम उपलब्ध केले. प्रफुल्लचंद्र राय यांनी अध्यापन करीत असतानाच १९०१ मध्ये बेंगॉल केमिकलला कंपनीचे रूप दिले. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची पीएच.डी. मिळविलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला ही औषधनिर्मिती संस्था काढली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ मध्ये झाली; तिची पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. याच प्रयोगशाळेतून पीएच.डी. घेतलेले अंजी रेड्डी आधी सरकारी औषध कारखान्यात नोकरीस होते; १९८४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली.

प्रमुख क्षेत्रे : शासकीय संस्थांमधील काम प्रश्नकेंद्री असते, विषयाच्या सीमांपेक्षा गरजेला तेथे महत्त्व असते. ॲना मणी (१९१८–२००१) यांनी बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. परंतु पदव्युत्तर पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारण्यात आली. १९४८ मध्ये त्या वातावरणविज्ञान विभागाच्या पुणे येथील उपकरण शाखेत रुजू झाल्या. आयात होणारी हवामानमापक उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि सौर प्रारणाच्या मापनाची केंद्रे उभारली. १९७६ मध्ये त्या विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

एकस्व म्हणजेच पेटंट यासंबंधीच्या कामात विज्ञान व कायदा यांची सांगड असते. अर्जातील कल्पना खरोखर नवी आहे काय, हे परीक्षक ठरवितो. संशोधकाच्या वतीने अर्जाचा मसुदा करून बाजू मांडणे हे एकस्व अभिकर्त्याचे काम असते. भारतात अभिकर्ता होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रविद्येची पदवी असावी लागते व परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००५ पासून औषधी पदार्थांनाही एकस्व मिळू लागल्याने रसायन व जीवविज्ञानांच्या पदवीधरांना या क्षेत्रात वाव वाढला.

लोकशिक्षण हेही एक क्षेत्र आहे. १९२८ पासून निघणारे सृष्टिज्ञान मासिक व १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांमुळे मराठीत विज्ञानलेखनास व्यासपीठ मिळाले. पण पूर्ण वेळच्या उपजीविकेचे साधन ते क्वचितच होते. केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी अध्यापनाबरोबर ग्राहक चळवळीतही काम केले आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

बढती व अडचणी : पुष्कळ संस्थांत वरच्या वेतनश्रेणीसाठी प्रशासक व्हावे लागते व त्यामुळे चांगला संशोधक प्रयोगशाळेला मुकतो. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी व्यवस्थापक व संशोधक यांच्यासाठी बढतीचे दोन समांतर मार्ग ठेवले. भारतातील अणुऊर्जा, अवकाश इ. विभागांत जागा रिकामी होण्याची वाट न पाहता कामाच्या मूल्यमापनावरून वैज्ञानिकांना वरची श्रेणी देण्याची पद्धत आहे.

विद्यापीठाबाहेर विषयाची निवड बहुधा संस्था करते, निष्कर्षांची मालकीही तिचीच असते आणि व्यापारी हितामुळे प्रसिद्धीस विलंब होतो. शोधनिबंधांची संख्या कमी राहिल्याने अध्यापनाकडे परतणे अवघड जाते. वयोमर्यादेमुळे दीर्घ संशोधनानंतर शासकीय सेवेत प्रवेश कठीण होतो. कौटुंबिक कारणाने कामात खंड पडलेल्या स्त्रियांना ही अडचण अधिक जाणवते. अशा स्त्रियांसाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सुरू केलेल्या योजनेत एकस्वविषयक प्रशिक्षणाचाही अंतर्भाव करण्यात आला.

पीएच.डी.च्या अभ्यासात प्रश्नाची फोड करणे, पुराव्याची पारख करणे व अपयशी प्रयोगातून मार्ग काढणे ही कौशल्ये अंगी येतात. ती कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडतात. खर्चाचा अंदाज, मुदतीचे बंधन, सांघिक काम व तज्ज्ञेतरांसाठी लेखन यांचे शिक्षण मात्र त्यात सहसा मिळत नाही. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमासाठी तुर्भे येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेने पदवीधरांना प्रत्यक्ष कामासाठी तयार करण्याची पद्धतशीर व्यवस्था केली. अशी तयारी संशोधनकाळातच झाल्यास विद्यापीठाबाहेरचा मार्ग नाइलाजाने न पतकरता विचारपूर्वक निवडता येतो.