रॅन्समवेअर : प्रादुर्भावाची लक्षणे

संगणकातील माहिती सांकेतिक रूपात बदलून ती धारकास अवाच्य करणाऱ्या आणि पूर्ववत करून देण्यासाठी पैशाची मागणी करणाऱ्या घातक आज्ञावलीस ‘रॅन्समवेअर’ (खंडणी आज्ञावली) असे म्हणतात. तिचे पहिले ज्ञात उदाहरण १९८९ मधील असून ती टपालाने पाठविलेल्या फ्लॉपींतून पसरविण्यात आली होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या आज्ञावलीने सु. १५० देशांतील संगणक बाधित केले.

पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसणे हे सर्वांत ठळक लक्षण होय. परंतु ते बहुधा अखेरचे असते. हल्लेखोराचा शिरकाव व चिठ्ठी यांत काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ जातो. या काळातील पूर्वलक्षणे अशी : अवेळी प्रवेशाचे वारंवार फसलेले प्रयत्न, व्यवस्थापकीय अधिकार असलेली अनोळखी खाती, विषाणुरोधक आज्ञावली विनाकारण बंद पडणे, विंडोज प्रणालीने राखलेल्या छायाप्रती पुसल्या जाणे व बाहेर जाणाऱ्या माहितीत एकाएकी वाढ होणे. प्रत्यक्ष सांकेतिकीकरण सुरू झाल्यावर हार्ड डिस्कवर अखंड वाचन-लेखन चालते व संगणक मंदावतो. फायलींच्या नावांपुढे अपरिचित प्रत्यय लागतात आणि अनेक फोल्डरांत एकाच नावाची मजकुराची फाईल आढळते. केवळ मंदपणा हा मात्र पुरावा नव्हे. डिस्क नादुरुस्त झाल्यासही तो येतो. थोड्या वेळात अनेक ठिकाणच्या फायली एकदम उघडेनाशा होणे, हे निर्णायक चिन्ह मानावे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर २१ मार्च २०२१ रोजी असा हल्ला झाला. पहाटे सु. अडीच वाजता सेवा बंद पडल्याच्या स्वयंचलित सूचना मिळाल्या. हल्ल्याचे निदान त्यानंतर दिवसभराच्या तपासात झाले. प्रसार रोखण्यासाठी संगणक जाळ्यापासून तोडण्यात आले. राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात असल्याने त्या बचावल्या.

लक्षणे आढळताच संगणक जाळ्यापासून अलग करावा; राखीव प्रतींची डिस्क त्यास जोडू नये. शक्यतो तो बंद करू नये, कारण स्मृतीतील तपासोपयोगी खुणा त्यामुळे नष्ट होतात. चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन पोलिसांस कळवावे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी व शासकीय कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. खंडणी दिल्याने माहिती परत मिळेलच, याची शाश्वती नसते.

अकोला जिल्ह्यातील बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्था, दवाखाना वा अडत दुकान यांचा सर्व हिशेब पुष्कळदा एकाच संगणकात असतो व तेथे संगणकतज्ज्ञ नेमलेला नसतो. अशा ठिकाणी रोज संगणक हाताळणाऱ्या कारकुनानेच ही लक्षणे ओळखणे आणि एक राखीव प्रत संगणकापासून अलग ठेवणे, हाच मुख्य बचाव ठरतो.