चढणीचे मासे : तळ्याचे पुढचे वर्ष

जूनच्या प्रारंभी गोव्यात मोसमी पाऊस दाखल होतो आणि पहिल्या जोरदार सरींनंतर रात्री ओहळांच्या काठी बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागतात. ही लगबग असते चढणीच्या माशांसाठी. तळ्यातले गोड्या पाण्यातले मासे या दिवसांत प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि उथळ पाण्यात सहज हाती लागतात. ते वर का चढतात, हे समजले म्हणजे या मासेमारीची खरी किंमत कळते.

शेतीला पाणी देऊन आणि उन्हाने आटून मे महिन्यात तळ्याचा खोलगट भाग तेवढा शिल्लक राहतो. तिथल्या गढूळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. मरळ आणि शिंगी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून तग धरतात. इतर जातींचे थोडेच मासे उरतात. वर्षभराची वीण याच उरलेल्या माशांवर अवलंबून असते.

पावसाने पाणी थंडावते, पातळी वाढते आणि ओहळ वाहू लागतो. अंडी घालण्याची वेळ आल्याची ही खूण होय. मासे ओहळातून पाणी भरलेल्या शेतांत शिरतात. तिथे गवताचा आडोसा असतो, किडे व सूक्ष्मजीव विपुल असतात आणि पिल्ले खाणारे मोठे मासे कमी असतात. बहुतेक जातींची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पुढे पाणी ओसरू लागले की पिल्ले तळ्यात उतरतात.

मरळीची रीत निराळी आहे. ती पाणवनस्पतींत घरटे करते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, की खाली मोठा मासा आहे हे गळ टाकणारा जाणतो. तो राखणदार पकडला गेला, तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

चढणीच्या मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ओहळाचे तोंड जाळ्याने पूर्ण अडवले, तर एका रात्रीत तळ्याची पुढच्या वर्षाची वीण संपू शकते. समुद्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, तीही माशांच्या विणीसाठीच. नेमक्या याच दिवसांत तळ्यांवर मात्र झुंबड उडते. केरळमध्ये चढणीचे मासे पकडणे कायद्याने गुन्हा आहे.

गावाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ओहळाची निम्मी वाट मोकळी ठेवणे, पोट फुगलेली मादी परत सोडणे आणि पिल्लांच्या पुंजक्याजवळ गळ न टाकणे, एवढे पाळले तरी पुष्कळ साधते. चतुर्थीनंतर पाणी निवळते, तोवर विणीचा भर ओसरलेला असतो. गरी घेऊन तळ्याकाठी बसण्याचा खरा हंगाम तोच.