‘प्रोव्होक’ करणं म्हणजे नेमकं काय?

कमेंटमध्ये भांडण पेटलं की एक वाक्य हमखास येतं, “त्याने मला प्रोव्होक केलं.” म्हणजे चूक समोरच्याची, आपण फक्त उत्तर दिलं! पण हा शब्द खरंच इतकी सूट देतो का?

हे क्रियापद लॅटिनमधून आलं. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणं. ‘इव्होक’ त्याच कुळातलं, म्हणूनच गल्लत होते. जुन्या गाण्याने शाळेचे दिवस आठवले तर ते ‘इव्होक’. कुणाच्या वर्मी लागेल अशी कमेंट मुद्दाम टाकली तर ‘प्रोव्होक’.

माणसाला प्रोव्होक करणं म्हणजे डिवचणं, उचकवणं, चिथावणं. तिथे बहुतेकदा हेतू गृहीत असतो. मात्र राग, हसू किंवा वाद ‘प्रोव्होक’ होतो, तेव्हा हेतू असेलच असं नाही. एखाद्याच्या साध्या बोलण्यावरूनही वाद होऊ शकतो. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ तर चक्क कौतुक आहे, विचार करायला लावणारं.

कायद्यात मात्र या शब्दाचं वजन वेगळंच. ‘गंभीर आणि अचानक’ चिथावणीमुळे स्वतःवरचा ताबा सुटून हत्या झाली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. याचं गाजलेलं उदाहरण मुंबईतलं आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाला गोळ्या घातल्या. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घर सोडल्यापासून हत्येपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाचं म्हणणं. (‘रुस्तम’ पाहिलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल, पण सिनेमातला शेवट वेगळा आहे.)

हा अपवाद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. त्यात एक अट आहे, चिथावणी आरोपीने स्वतःहून ओढवून घेतलेली नसावी. आणि चिथावणाराही सुटत नाही. दंगल व्हावी म्हणून बेकायदा कृत्य करून चिथावणी दिली तर कलम १९२ लागतं. दंगल झाली तर एक वर्षापर्यंत, झाली नाही तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.