सोडायचा, पण कुठे?

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये बिबट्या ठेवायचा, तर तो संगणकावरच! सध्या आमच्या घरी एक आहे. ‘प्लॅनेट झू’ हा एका ब्रिटिश कंपनीने २०१९ साली काढलेला खेळ. त्यात आपण आपले प्राणिसंग्रहालय उभारायचे. नातवाने हौसेने अमूर बिबट्या आणला आणि देखभाल माझ्या गळ्यात घातली. हा बिबट्या रशियाच्या अतिपूर्वेकडचा, पण जात आपल्या उसातल्या बिबट्याचीच.

स्वारी भलती मानी. कुंपण चढून जाता येणार नाही असेच लागते. लपायला झाडी हवी, बसायला उंच जागा हवी आणि प्रेक्षकांची नजर सारखी पडली की हा बेचैन! पिंजऱ्यापुढे शिट्ट्या मारणाऱ्या मंडळींनी हा खेळ एकदा तरी खेळावा. कुंपणाचे म्हणाल, तर मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला खराखुरा बिबट्याही पिंजऱ्यातून निसटला होता. नशीब, आवारातच पुन्हा सापडला.

एक बटण मात्र मला खटकते. ‘निसर्गात सोडा’ म्हटले की बिबट्या पडद्यावरून नाहीसा होतो आणि आपल्या खात्यात गुण जमा! तो गेला कुठे, तिथे आधीचा बिबट्या होता का, जवळ माणसांची वस्ती होती का, काही विचारायचे नाही.

आपल्या जिल्ह्याने हा प्रयोग खरोखर करून पाहिला आहे. २००१ नंतर जुन्नरच्या ऊसपट्ट्यात पकडलेले अनेक बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते उलटेच. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते. बिबट्या आपली हद्द धरून राहणारा प्राणी. त्याला परक्या मुलखात टाकले तर तो बिथरणारच. शिवाय मागे मोकळी झालेली जागा दुसरा येऊन धरतो. पकडलेल्या कित्येक बिबट्यांचे आयुष्य मग जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रातच जाते.

आमच्याच नगर रस्त्याने पुढे गेले की शिरूर तालुका लागतो. तिथल्या पिंपरखेडला २०२५ साली बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. त्या आईबापांना सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार आम्हा फ्लॅटवाल्यांना नाही. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या हटवावाच लागतो. पण नुसता दिसला की ‘पकडा आणि जंगलात सोडा’ ही ओरड वेगळी.

वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, इमारती शेतांना भिडल्या. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. कचरा झाकणे, शेळ्या रात्री बंद गोठ्यात बांधणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे, बिबट्या दिसला तर गर्दी न करता वनखात्याला कळवणे, एवढे तर आपल्या हाती आहे. त्याचे गुण कुठल्या खात्यात जमा होत नाहीत, म्हणून ते कमी मोलाचे नव्हे.

नातवाला मी एवढेच सांगितले आहे, की बटण दाबण्याआधी जागा सांग. मोठ्यांनाही तेच विचारायला हवे.