तबकडी की वर्गणी?

अ‍ॅनिमेची तबकडी विकत घ्यावी की वर्गणी भरून तो जालावर पाहावा, हा प्रश्न इंदिरानगरात आमच्या घरी निघाला तेव्हा केवळ पैशाचा वाटला. २०२२ साली क्रंचीरोलने भारतातील वर्गणी दरमहा ७९ रुपयांवर आणली. म्हणजे वर्षास ९४८. परदेशी तबकडीसंचास ३,००० रुपये पडतात असे धरले, तर तेवढ्यात तीन वर्षांहून अधिक काळ अनेक मालिका पाहता येतील. (शिवाय तबकडीचा प्रदेशसंकेत न जुळल्यास आपले यंत्र ती चालवीत नाही.) निव्वळ प्रेक्षकाने तबकडीच्या वाटेस जाऊ नये, हे उघड आहे.

परंतु वर्गणी हे भाडे होय. आणि भाषाभ्यासकास तेच वाक्य, त्याच उच्चारात, पुन्हा पुन्हा तपासावे लागते. युगो साको यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये पुरा झालेला भारत-जपान सहकार्याचा रामायणावरील अ‍ॅनिमेपट घ्या. पंचवटीच्या गावात राहणाऱ्यांस त्याची कथा नवी नाही. त्याच्या जुन्या हिंदी रूपात रामाचा आवाज अरुण गोविल यांचा होता. २४ जानेवारी २०२५ रोजी तो आपल्याकडे चित्रगृहांत आला तो नव्या हिंदी ध्वनिमुद्रणासह. दोहोंतील संबोधने ताडून पाहावयाची, तर दोन्ही हाताशी हवीत.

संगणकीय प्रतीचाही भरवसा नाही. फ्युनिमेशनच्या तबकड्यांसोबत मिळालेल्या अशा प्रती २ एप्रिल २०२४ रोजी ती सेवा बंद होताच ग्राहकांना अंतरल्या. तबकड्या मात्र कपाटात राहिल्या. सबब, ज्या कृतीवर प्रबंध उभा राहावयाचा तिची तबकडी विभागाने घ्यावी, व ग्रंथाप्रमाणेच तीस दाखल क्रमांक द्यावा.